सात वेळा काढलेला हॉर्न

सुमंतभाऊंनी आपल्या रागावर कायमचा विजय मिळवला. चर्चमध्ये, भर उपासनेत तसं जाहीर झालं, मंडळीने टाळ्या वाजवल्या आणि चिटणिसांनी वहीत नोंद केली.

मित्रांनो, वरचा परिच्छेद तुम्ही वाचलेला नाही. असं काही घडलेलंच नाही. वहीतलं पान मला फाडता येत नाही, कारण मला हात नाहीत. म्हणून निदान तुम्ही तरी विसरा. आपण नीट पहिल्यापासून सुरू करू.

मी एक जुना हॉर्न आहे. स्कूटरचा. पुढच्या जाळीमागे, डाव्या बाजूला, दोन वायरींवर माझा संसार आहे. माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. जन्मल्याबरोबर तिथल्या माणसाने मला वाजवून पाहिलं आणि माझे स्वतःचेच कान बसले. माझ्या पोटात पोलादाची एक पातळ चकती आहे. वीज आली की ती थरथरते. माझं चारित्र्य एवढंच. चांगलं नाही, वाईट नाही, थरथरतं.

माझी पहिली मालकीण सुमतीबाई. निवृत्त शिक्षिका, राहायला धरमपेठेत. रस्त्यात कुत्रं झोपलेलं असलं तर त्या मला वाजवत नसत. स्कूटर उभी करून उतरत आणि कुत्र्याला उठवून त्याची समजूत काढत. मला महिन्यातून पाच-सहा वेळा काम असे, तेही वळणावर, हलकेच, एखाद्याच्या दारावर टिचकी मारावी तसं. एकदा त्या शेजारणीला म्हणाल्या, "गुणी आहे हो माझा हॉर्न, उगाच तोंड उघडत नाही." मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ही एकमेव स्तुती आहे, म्हणून मी ती शब्दशः पाठ ठेवली आहे.

पुढे सुमतीबाईंचे गुडघे गेले आणि स्कूटर सुमंतभाऊंकडे आली. तेव्हापासून मी वैतागलेला आहे.

सुमंतभाऊ वाईट माणूस नाहीत, हीच तर कटकट आहे. वाईट असते तर मी निवांत वाजलो असतो. हिंगण्याला पंपांच्या कारखान्यात ते सुपरवायझर आहेत. दिवसभर लोक त्यांना येऊन सांगतात की पंप पाणी ओढत नाही, आणि ते शांतपणे म्हणतात, "बघू या ना." रविवारी मंडळीत गीताची पहिली ओळ तेच उचलतात. उपासनेआधी लहान मुलांचा वर्ग घेतात, आणि त्या वर्गात त्यांचा आवडता विषय आहे सहनशीलता.

हेच सुमंतभाऊ सोमवारी सकाळी सदरमधल्या घरातून निघत, मागे बारा वर्षांची श्वेता, त्यांची मुलगी. तिला सीताबर्डीतल्या शाळेत सोडायचं आणि पुढे हिंगणा गाठायचं. फाटकाबाहेर पडताना त्यांच्या ओठांवर गीत असायचं. पहिला ऑटो आडवा आला की गीत थांबायचं, अंगठा माझ्या बटणावर यायचा, आणि पुढचं सगळं मी आणि त्यांचं तोंड मिळून करायचो. मी नुसता वाजायचो. तोंड मात्र पलीकडच्याची अक्कल, डोळे आणि बाप असं सगळं काढायचं.

आणि मग पश्चात्ताप. व्हरायटी चौकात पाप, पुढच्या सिग्नलला पश्चात्ताप. दिवा लाल असला तर ते डोळे मिटून पुटपुटत, "प्रभू, माफ कर, पुन्हा नाही." लाल दिवा लांबला तर पश्चात्ताप चांगला खोल व्हायचा. हिरवा लागला तर राहून जायचा. तीन वर्षं, मित्रांनो! तेच पाप, तोच चौक, तीच प्रार्थना. चौकातल्या कबुतरांनासुद्धा पाठ झाली असेल.

श्वेता मागे काही बोलायची नाही. नुसती सीटचा पट्टा घट्ट धरायची. मला ते पुढून दिसायचं नाही, पण स्कूटरला कळायचं आणि स्कूटर मला सांगायची.

एका रविवारी उपदेशात ते वचन आलं. तुमचा उजवा हात तुम्हाला पापात पाडत असेल तर तो कापून फेका, अशा अर्थाचं. दुसरा एखादा घरी जाऊन दोन दिवस अस्वस्थ झाला असता आणि तिसऱ्या दिवशी विसरला असता. सुमंतभाऊ कारखान्यातले. बिघाड दिसला की पार्ट काढायचा, ही त्यांची सवय. सोमवारी ते थेट कवडूच्या गॅरेजवर.

"काय झालं भाऊ? हॉर्न वाजत नाही काय?" कवडूने विचारलं.

"वाजतो. म्हणूनच काढायचा आहे."

"काहून?"

"तो मला पापात पाडतो."

कवडूने माझ्याकडे पाहिलं. मी कवडूकडे पाहिलं. "हा?" तो म्हणाला. "येवढासा?"

अंगठा कोणी कापला नाही. तोंडाला कोणी हात लावला नाही. मला काढलं, पॉलिथिनमध्ये गुंडाळलं आणि सीटखालच्या डिकीत गीतांच्या पुस्तकाशेजारी ठेवलं. त्या अंधारात मी स्वतःला एकच प्रश्न विचारत होतो: मी काय केलं?

चार दिवसांत मला परत बसवण्यात आलं. कारण उघड होतं. हॉर्न नसल्यामुळे माझंही काम तोंडालाच करावं लागत होतं, आणि तोंड ओव्हरटाइम करायला लागलं होतं. सुमंतभाऊंच्या पत्नी सोनिकाताई म्हणाल्या, "अहो, लावून या तो हॉर्न. त्याला निदान कुणाचा बाप तरी काढता येत नाही."

नंतर दुसऱ्यांदा काढलं. तिसऱ्यांदा का काढलं ते मला आठवत नाही. चौथ्यांदा काढलं तेव्हा सुमंतभाऊंनाही नीट सांगता येत नव्हतं. कवडू त्यांना लांबून येताना बघूनच ओरडायचा, "काय भाऊ, पुन्हा झालं काय?" आणि हे मान खाली घालून म्हणायचे, "झालं." सहाव्या वेळी त्याने वायरींना क्लिपा लावून दिल्या.

"घ्या. आता तुमचं तुम्हीच काढा, तुमचं तुम्हीच लावा," तो म्हणाला. "पाप तुमचं, अन् पाना माहा घिसून राहिला."

मग इस्टरपूर्वीचे चाळीस दिवस आले. या दिवसांत मंडळीतले लोक काही ना काही सोडतात. कोणी मटण सोडतं, कोणी चहा. सुमंतभाऊंनी हॉर्न सोडला. सातव्यांदा. सोबत प्रतिज्ञाही केली की या चाळीस दिवसांत एकदाही ओरडणार नाही.

आणि काय आश्चर्य! नऊ दिवस झाले, एक शब्द वाकडा नाही. कोणावर आवाज चढला नाही. रविवारी ते उभे राहिले आणि त्यांनी साक्ष दिली की नऊ दिवस आपल्याला राग शिवलासुद्धा नाही, प्रभूने आपल्याला विजय दिला. मघाशी मी तुम्हाला जे विसरायला सांगितलं ते हेच.

या नऊ दिवसांत त्यांना ताप होता. स्कूटर अंगणात उभी होती. मी डिकीत होतो, ते पलंगावर होते. ही माहिती त्यांनी लपवली नाही बरं का, साक्षीच्या सुरुवातीलाच सांगितली. पण ऐकणाऱ्यांनी ताप हाही विजयाचाच भाग धरला. टाळ्या पडल्या. घरी परतताना श्वेता स्कूटरवर मागे बसून हसली, आणि तिने पट्टा धरला नव्हता. त्या दिवशी मला वाटलं, चला, आपली सुटका झाली. मीही विश्वास ठेवला, मित्रांनो. लोखंडाने इतकं भोळं असू नये.

मंगळवार उजाडला. व्हरायटी चौकात दिवा हिरवा झाला आणि समोर एक हातगाडी अडकली. गाडीवर भिवापुरी मिरचीची दोन पोती, आणि ती ढकलणारी रुखमाबाई, सत्तरीची. चाक खड्ड्यात गेलेलं. मागून सगळं नागपूर वाजत होतं. सुमंतभाऊंचा अंगठा बटणावर गेला. टक्. टक् टक्. मी डिकीत, वायरी रिकाम्या. आवाज येईना. मग सात वेळा हॉर्न काढून जे काही साठलं होतं ते सगळं एकदम तोंडावाटे आलं.

"ए म्हातारे! मरायचं असेल तर घरी मर ना! रस्त्यात कशाला?"

रुखमाबाई वळली. चिडली नाही. म्हणाली, "कान हायेत मले, बाबू. पायच नाही राहिले."

डिकीच्या वर, सीटवरचं वजन हललं. श्वेता उतरली होती.

"कुठे चाललीस? सिग्नल आहे!" सुमंतभाऊ म्हणाले.

"पप्पा, तुम्ही जा. मी चालत जाते शाळेत."

"अगं, बस ना!"

"नाही. मला तुमच्यामागे बसायची भीती वाटते."

ती गेली. दुसऱ्या दिवसापासून ती कस्तुरचंद पार्कवरून मेट्रो पकडून शाळेत जाऊ लागली. घरी भांडण झालं नाही. श्वेता पप्पांशी अतिशय सभ्यपणे बोलू लागली, "हो पप्पा", "नको पप्पा", "थँक यू पप्पा", पाहुण्याशी बोलावं तसं. अंगणात उभ्या उभ्या मला ते ऐकू यायचं. शिवी परवडली.

शनिवारी संध्याकाळी सुमंतभाऊंनी मला डिकीतून काढलं आणि पाळकबाईंच्या घरी नेलं. पाळकबाई मधुवंती आमच्या मंडळीच्या पाळक, म्हणजे धर्मगुरू, बोलायला तिखट. त्यांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी, मला ठेवण्यात आलं.

"हे काय?"

"हॉर्न, बाई."

"ते दिसतंय मला. माझ्या टेबलावर काहून?"

"हा आता कायमचा तलावात टाकतो. तुमच्यासमोर प्रार्थना करून टाकतो."

"बरं. आणि तोंड कुठे टाकशील?"

मी मनातल्या मनात एकदा वाजून घेतलं. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी योग्य प्रश्न विचारला होता.

"बाई, ते नऊ दिवस मला खरंच वाटलं होतं..."

"नऊ दिवस तू आजारी होतास, सुमंत. एकशे दोन ताप असला की मीसुद्धा संत असते."

मग ते रडवेले झाले. म्हणाले, "श्वेता माझ्यामागे बसत नाही हो. आणि मी देवाकडे तरी कोणत्या तोंडाने जाऊ? दर वेळी तेच पाप घेऊन जातो. आता तोही कंटाळला असेल."

"तो नाही कंटाळत. कंटाळला आहेस तू," पाळकबाई म्हणाल्या. "तू माफी कुठे मागतोस?"

"सिग्नलवर."

"कोणत्या?"

"पुढच्या."

"आणि ज्याच्यावर ओरडलास तो?"

"तो... मागच्या चौकात राहून जातो."

"मग मागे जा."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

"म्हणजे मग देव माफ करील?"

पाळकबाईंनी कप खाली ठेवला. "त्याने केलंच आहे रे. तेवढ्यासाठीच तर तो वधस्तंभावर गेला. माफी मिळावी म्हणून नको जाऊस. मिळाली आहे, म्हणून जा. नाहीतर उलटं फिरून लोकांच्या तोंडाकडे बघायची हिंमत कोणात असते?" मग त्यांनी मला उचलून त्यांच्या हातात दिलं. "आणि हा लाव जागेवर. याने काही केलेलं नाही."

मित्रांनो, मी निर्दोष सुटलो! पण आनंद करायला वेळ मिळाला नाही, कारण सोमवारपासून खरा छळ सुरू झाला.

पहिली गाठ रुखमाबाईशी. चौकाच्या अलीकडे ती सापडली. सुमंतभाऊ हात जोडून म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी तुम्हाला घरी मर म्हणालो होतो."

"कोणत्या दिवशी गा?" तिने डोळे बारीक केले. "रोज दहा जण म्हणतात मले. तू त्यातला कोनता?"

"मंगळवारचा."

"मंगळवारी लय होते." तिने थोडा विचार केला. "बरं, आला हायेस तं हात लाव गाडीले."

सुमंतभाऊंनी मिरचीची गाडी चौक पार करून बाजारापर्यंत ढकलली. नंतर त्याच हाताने घाम पुसला आणि डोळे चोळले. मग जे काही रडले ते! येणारे-जाणारे थांबून बघत होते. त्यात पश्चात्ताप किती आणि भिवापूर किती, हे मला सांगता येणार नाही.

पण मंगळवारी पुन्हा ओरडले. एका मोटारसायकलवाल्यावर. ओरडले आणि मग आठवलं: मागे जायचंय. आता नागपुरात मागे जाणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. मध्ये दुभाजक, वर उड्डाणपूल, बाजूला एकेरी रस्ता. ओरडायला दोन सेकंद लागतात, परत त्या जागी यायला वीस मिनिटं. मोटारसायकलवाला पानठेल्यावर उभा होता. मघाचाच माणूस हेल्मेट काढत आपल्याकडे येतोय हे बघून तो गाडी टाकून पळाला. सुमंतभाऊ मागून धावत ओरडत होते, "अहो, थांबा! माफी मागायची आहे!" अशाने कोण थांबतं?

एका ट्रकवाल्याने माफी ऐकून घेतली आणि उलट दोन शिव्या दिल्या. त्या सुमंतभाऊंनी ठेवून घेतल्या. कॉलेजातल्या एका पोराने या सगळ्याचा व्हिडिओ काढला. कारखान्यात रोज उशीर व्हायला लागला. मॅनेजरने कारण विचारलं तर हे म्हणाले, "सर, परत जावं लागलं." "काही विसरलं होतं का?" "हो सर."

मला सांगा, आता तरी राग गेला असेल ना? नाही गेला. मी त्यांच्या अंगठ्याखाली राहतो, मला माहीत आहे. राग रोज येतो, वेळेवर, हजेरी लावल्यासारखा. फरक एवढाच की तोंड उघडण्याआधी आता त्यांना तो दुभाजक दिसतो. कधी दुभाजक जिंकतो, कधी तोंड.

हे सगळं श्वेताच्या कानावर सोनिकाताईंनी घातलं. तिचा विश्वास बसला नसावा. साक्षी तिने आधीही ऐकल्या होत्या.

एका बुधवारी सकाळी ती मेट्रोचं कार्ड हातात घेऊन अंगणात आली आणि स्कूटरजवळ थांबली.

"पप्पा, काल किती वेळा परत गेलात?"

"दोनदा," सुमंतभाऊ म्हणाले.

"आणि परवा?"

"चारदा." ते अडखळले. "पाचव्यांदा गेलोच नाही. लाज वाटली."

मी म्हटलं, संपलं. हे उत्तर द्यायची काय गरज होती? पण श्वेताने कार्ड दप्तरात टाकलं, हेल्मेट घातलं आणि मागे बसली. पट्टा धरला होता. घट्ट.

मी त्या दिवशी चकती आवळून बसलो होतो. सदरचा रस्ता नीट गेला. कस्तुरचंद पार्क नीट गेलं. आणि सीताबर्डीत, शाळा पाच मिनिटांवर असताना, एक ऑटो सवारी घ्यायला रस्त्याच्या मधोमध थांबला. अंगठा आला. मी वाजलो, एकदाच. आणि मागोमाग तोंडातून तो शब्द निघाला. एकच, पण तोच.

स्कूटर पुढे गेली. एक चौक, दोन चौक. मग मागून आवाज आला, "पप्पा, वळा."

"तुला उशीर होईल गं. पहिली घंटा..."

"वळा."

वळले. दुभाजक, पूल, एकेरी रस्ता, सगळी प्रदक्षिणा. ऑटोवाला तिथेच सवारीची वाट बघत होता. सुमंतभाऊंनी हेल्मेट काढलं. "भाऊ, मघाशी मी तुम्हाला शिवी दिली. चुकलं माझं."

ऑटोवाल्याने कानातलं गाणं बाजूला केलं. "काय म्हणता? शिवी? मले तं ऐकूच नाही आली."

इतक्या लांबून आणलेली माफी, आणि घेणारा कोणी नाही. ते स्कूटरकडे वळले तर श्वेता तशीच बसून होती.

"मी ऐकली होती," ती म्हणाली.

मित्रांनो, हा माणूस महिनाभर नागपूरभर माफी मागत फिरला होता. ट्रकवाल्याची मागितली, मिरचीवालीची मागितली, पळणाऱ्याच्या मागे धावून मागितली. जी तीन वर्षं हातभर मागे बसून प्रत्येक शब्द ऐकत होती, तिची राहिली होती. ते रस्त्याच्या कडेला तिच्यासमोर उभे राहिले. "श्वेता," म्हणाले, आणि डोळे पुसायला लागले. आणि त्या दिवशी त्यांच्या हाताला मिरची नव्हती.

श्वेता म्हणाली, "बरं. उद्या पण सोडा मला. आणि ओरडलात तर मी पण परत येईन तुमच्यासोबत. आता चला, पहिला तास गणिताचा आहे."

शाळेत उशिराचं कारण लिहावं लागतं. तिने लिहिलं, "पप्पांसोबत परत जावं लागलं." दुसऱ्या दिवशीही ती बसली. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा उशीर झाला.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा हॉर्न असेल. त्याची चकती पुसा, त्याला पावसात भिजू देऊ नका, आणि तुमच्या तोंडाचा दोष त्याच्या माथी मारू नका. आणि तेच पाप पुन्हा झालं, तर पार्ट काढायला धावू नका. मागे वळा. लांब पडतं, पण वळा.

याच कारणास्तव मी सोबत अर्ज जोडत आहे.

प्रति, मा. सक्षम अधिकारी, वाहतूक विभाग, नागपूर. विषय: दुभाजकांत वळणमार्ग मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, शहरातील प्रत्येक मुख्य चौकापासून पन्नास मीटरच्या आत, मागील चौकात माफी मागण्यास परतणाऱ्या दुचाकीस्वारांकरिता राखीव वळणमार्ग ठेवण्यात यावा. त्यावर तसा फलक लावण्यात यावा. सदर मार्गावर मागे लहान मूल बसलेल्या वाहनास प्राधान्य देण्यात यावे. आणि शाळेची पहिली घंटा, जोपर्यंत असे एकही वाहन वळणावर आहे तोपर्यंत, देण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.